वाचोपचाराचें शिक्षण आणि डहाणूचा धडा

‘मूल बोलत नाहीं’ या एवढ्याशा वाक्यांत दोन अगदीं भिन्न गोष्टी दडलेल्या असूं शकतात. एखाद्या मुलास ऐकूं येत नाहीं, किंवा त्याची टाळू दुभंगलेली असते, किंवा त्याच्या मेंदूची वाढ मंदावलेली असते. म्हणून तें बोलूं शकत नाहीं. दुसरें मूल चांगलें धडधाकट असतें, आईशीं व भावंडांशीं दिवसभर बोलत असतें. परंतु शाळेच्या उंबरठ्याशीं येतांच तें मुकें होतें, कारण तेथली भाषा त्याच्या घरची नसते. पहिल्या मौनास उपचार हवा, दुसऱ्यास केवळ ओळखीचा शब्द हवा. हीं दोन मौनें वेगळीं ओळखण्याची पारख हाच वाचोपचाराच्या विद्येचा पाया होय. ही पारख आपल्याकडे कशी येत गेली हें पाहूं गेल्यास एक वाट मुंबईच्या रुग्णालयांतून निघते आणि दुसरी डहाणू-तलासरीच्या पाड्यांतून.

वाणीचे दोष म्हणजे दैवाचा कोप किंवा नुसती वाईट खोड, अशी समजूत जगांत फार काळ नांदली. पहिल्या महायुद्धांतून वाचा हरपून परतलेल्या सैनिकांनीं युरोपांतील वैद्यांना या प्रश्नाकडे गंभीरपणें पाहावयास लावलें. अमेरिकेंत आयोवा विद्यापीठानें या विषयास शास्त्राचें स्थान दिलें आणि १९२५ सालीं आयोवा सिटी येथें या व्यावसायिकांची संघटना उभी राहिली. इंग्लंडांत त्यांची अधिकृत संस्था स्थापन झाली ती १९४५ च्या जानेवारींत.

योगायोग असा कीं, तेंच १९४५ साल डहाणू आणि तलासरी या भागाच्या इतिहासांतही वाणीचें साल ठरलें. त्या वर्षीं २३ मे रोजीं आजच्या तलासरी तालुक्यांतील झरी या गांवीं सुमारें पांच हजार वारली जमले आणि वेठबिगार करणार नाहीं, असें त्यांनीं प्रकटपणें सांगितलें. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या पुढारपणाखालीं झालेल्या त्या सभेची कथा गोदावरीबाईंनीं पुढें ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकांत लिहिली. पिढ्यान्‌पिढ्या सावकार-जमीनदारांसमोर मान खालीं घालून उभा राहणारा माणूस मुका नव्हता. त्याचें बोलणें कोणी ऐकून घेत नव्हतें, एवढेंच.

त्याच वर्षीं डहाणू तालुक्यांत समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं ताराबाई मोडक यांनीं ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडलें. भावनगरास गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनीं बालशिक्षणाचे प्रयोग केले होते. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ निघाला आणि १९३६ सालीं दादरला शिशुविहार सुरू झाला. बोर्डीस त्यांच्या जोडीला अनुताई वाघ आल्या. शहरांतील अनुभव येथें अपुरा पडला. मुलें शाळेंत येईनात, तेव्हां शाळाच त्यांच्या अंगणांत गेली; ‘अंगणवाडी’ हें आज देशभर रूढ झालेलें नांव त्या प्रयोगाचेंच. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणावर शाळा भरूं लागली. परदेशी बनावटीच्या महाग साहित्याऐवजीं शिंपले, बिया, पानें, खडे हींच शिक्षणाचीं साधनें झालीं. १९५७ सालीं हें कार्य जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेलें. ताराबाईंना १९६२ सालीं पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ सालीं पद्मश्री हे सन्मान लाभले.

वाचोपचाराच्या दृष्टीनें या प्रयोगांतील मर्म निराळेंच आहे. परक्या इमारतींत, परक्या माणसासमोर, परक्या भाषेंत मुलाची परीक्षा घेतली तर त्याचें भय तेवढें मोजलें जातें. तेंच मूल स्वतःच्या अंगणांत, ओळखीची वस्तु हातांत घेऊन बोलूं लागलें म्हणजे त्याची खरी वाणी ऐकूं येते. अंगणांत जाणाऱ्या शिक्षिकेला शिकविण्यापूर्वीं ऐकावें लागतें.

विद्यापीठीय शिक्षणाची वाट मात्र रुग्णालयांतून निघाली. मुंबईंत टोपीवाला नॅशनल वैद्यकीय महाविद्यालय व नायर रुग्णालय येथें १९६६ सालीं श्रवण व वाचोपचार यांचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. त्याच सुमारास म्हैसूरला अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था उभी राहिली, आणि १९८३ सालीं वांद्रे येथें अली यावर जंग यांच्या नांवाची राष्ट्रीय संस्था निघाली. १९९२ च्या कायद्यान्वयें भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असल्याखेरीज हा व्यवसाय करण्यास मनाई झाली. पदवीचें शिक्षण चार वर्षांचें असून शेवटचें वर्ष प्रत्यक्ष रुग्णसेवेचें असतें. कान, कंठ व मेंदू यांची रचना, ध्वनिशास्त्र, भाषाशास्त्र, मानसशास्त्र, श्रवणयंत्रांची पारख. तोतरेपणा, दुभंगलेली टाळू, अर्धांगवायूनंतर हरपलेली भाषा, हे सारे विषय विद्यार्थ्यास अभ्यासावे लागतात.

एवढी सामग्री असूनही एक अडचण उरते. वाणीचा दोष ठरवावयाचा तर निर्दोष वाणी कोणती हें आधीं ठाऊक असावें लागतें. चित्र दाखवून शब्द म्हणवून घेण्याची कसोटी सर्वपरिचित आहे. परंतु कोकणपट्टीच्या कित्येक बोलींत ‘ण’च्या जागीं ‘न’ आणि ‘ळ’च्या जागीं ‘ल’ येतो. पाणी म्हणण्याऐवजीं ‘पानी’, बाळ म्हणण्याऐवजीं ‘बाल’ असें मूल म्हणालें, तर पुस्तकी मराठी जाणणारा परीक्षक तेथें उच्चारदोषाची खूण करील. वस्तुतः तें मूल आपल्या आजीप्रमाणेंच बिनचूक बोललेलें असतें. वारली बोलीस स्वतःची लिपी नाहीं. तरी तिची नोंद ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या मराठीवरील खंडांत १९०५ सालींच झालेली आहे. शिवाय हा मुलूख सीमेचा. १९६० सालीं उंबरगांव गुजरातेंत गेलें आणि तलासरी महाराष्ट्रांत राहिलें, तरी बाजारहाट व सोयरिकी यांना सीमा ठाऊक नसते. मुलाच्या तोंडीं गुजराती शब्द आला म्हणून त्याच्या भाषेंत गोंधळ आहे, असें म्हणतां येत नाहीं.

हा प्रश्न एकट्या डहाणूचा नव्हे. अमेरिकेंत मिशिगन राज्यांतील ॲन आर्बर येथें कृष्णवर्णीय पालकांनीं शाळेविरुद्ध फिर्याद केली होती. मुलांना वाचावयास शिकवितांना त्यांच्या घरची बोली शाळेनें लक्षांत घेतली पाहिजे, असा निर्णय न्यायालयानें १९७९ सालीं दिला. १९८३ सालीं तेथील वाचोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेंही जाहीर केलें कीं, कोणत्याही समाजाची बोली हा वाणीचा दोष नव्हे. बोर्डीच्या अंगणांत मुलाच्या घरापासून शिक्षणाचा आरंभ होऊन तेव्हां तीन तपांच्या जवळपास काळ लोटला होता.

परंतु या शहाणपणास दुसरी बाजूही आहे, आणि ती विसरल्यास अनर्थ होतो. बोलीचा मान राखण्याच्या भरांत खरा दोषही ‘पाड्यावरचें मूल लाजतें’ म्हणून सोडून दिला जाईल. वारंवार कान वाहणाऱ्या मुलास कांहीं दिवस नीट ऐकूं येतें, कांहीं दिवस अर्धवट. आईबापांना तें हट्टी वाटतें, गुरुजींना मंद. भाषा रुजते ती आयुष्याच्या पहिल्या कांहीं वर्षांत. तो काळ बहिरेपणांत निघून गेला तर पुढें उत्तम यंत्र कानीं लाविलें तरी गेलेलें सारें भरून निघत नाहीं. म्हणूनच लहान मुलांची लवकर तपासणी अगत्याची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ च्या फेब्रुवारींत पालघर येथेंच झाला. जन्मजात बहिरेपणा, दुभंगलेली टाळू, भाषेची मंद वाढ यांची तपासणी त्यांत अंतर्भूत असून, जिल्ह्याच्या उपचारकेंद्रांत वाचोपचारतज्ज्ञाची जागाही योजिलेली आहे. पुढल्याच वर्षीं, १ ऑगस्ट २०१४ रोजीं, पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला.

चर्चगेटहून निघालेली लोकल २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत जाते. तलासरीस अजून रेल्वे नाहीं. नव्या पदवीधराचा खरा प्रवास मात्र स्टेशनापासून पुढें, पाड्याच्या दिशेनें आहे. तेथें त्याला दुभाषी हवा. कुडाच्या घरांतील बोलणें आधीं ऐकून, मुलाच्या भावंडांच्या बोलण्याशीं तें ताडून पाहण्याची संवय हवी. भावंडें जसें बोलतात तसेंच मूल बोलत असेल तर ती बोली. त्यांच्याहून तें मागें पडत असेल तर तेथें शंका घ्यावी व कान तपासावे. हा साधा नियम अंगीं बाणण्यास विद्यार्थ्याचे कांहीं महिने तरी अशा वस्तींत गेले पाहिजेत. रुग्णालयांतील शास्त्र आणि अंगणांतील ऐकणें यांपैकीं एक जरी उणें पडलें, तरी कोणत्या तरी मुलाचें मौन चुकीचें वाचलें जाईल, आणि त्या चुकीची किंमत तें मूल जन्मभर देत राहील.