सुरक्षित फाइल-हस्तांतरणातील कूटपद्धतीची ओळख : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

दोन संगणकांमध्ये फाइलची देवाणघेवाण होत असताना तिच्या रक्षणासाठी नेमकी कोणती कूटपद्धती वापरली जात आहे, हा प्रश्न वरवर केवळ तांत्रिक वाटतो. वस्तुतः त्यामागे अर्धशतकाचा इतिहास आहे. एखादी जोडणी 'सुरक्षित' म्हणवली जाते म्हणून ती सुरक्षित ठरत नाही. ती कोणत्या पद्धतींवर उभी आहे हे कळल्यावरच तिच्यावर किती विसंबावे हे ठरवता येते. प्रस्तुत लेखात एसएसएच व तिच्यावर आधारित एसएफटीपी या प्रणालींच्या संदर्भात या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे.

पार्श्वभूमी

फाइल-हस्तांतरणाचा पहिला नियमसंच अभय भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये 'आरएफसी ११४' या दस्तऐवजात मांडला. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे हे पदवीधर त्या वेळी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत होते. जाळ्यावरील संगणक तेव्हा मोजकेच होते आणि या आराखड्यात कूटलेखनाला स्थान नव्हते. १९८५ च्या 'आरएफसी ९५९' या एफटीपी प्रमाणकातही वापरकर्त्याचे नाव व परवलीचा शब्द उघड मजकुराच्या रूपातच पाठवला जाई.

या उणिवेचे परिणाम १९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठात दिसून आले. तेथील जाळ्यावर परवलीचे शब्द चोरले गेल्यानंतर तातू इलोनेन यांनी एसएसएच ही प्रणाली रचली व त्याच वर्षी जुलैमध्ये ती सर्वांसाठी खुली केली. पहिल्या आवृत्तीत सर्व्हर आपल्याला अवगत असलेल्या कूटपद्धती कळवीत असे व ग्राहक-संगणक त्यांतून एक निवडीत असे. मात्र मजकुरातील फेरफार ओळखण्यासाठी तीत वापरलेली सीआरसी-३२ ही बेरीज अपुरी असल्याचे १९९८ मध्ये उघड झाले.

वाटाघाटीची रचना

दुसऱ्या आवृत्तीचे प्रमाणक जानेवारी २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील 'आरएफसी ४२५३' नुसार जोडणीच्या प्रारंभी दोन्ही बाजू 'केक्सइनिट' नावाचा संदेश पाठवतात. त्यात किल्ली-विनिमय, सर्व्हरची ओळख, कूटलेखन, अखंडता-तपासणी, संक्षेपण इत्यादींच्या एकूण दहा याद्या असतात. कूटलेखनाचा नियम सोपा आहे : ग्राहकाच्या यादीतील जे पहिले नाव सर्व्हरच्या यादीतही आढळते, ते निवडले जाते. जाण्याच्या व येण्याच्या दिशांच्या याद्या स्वतंत्र असल्याने दोन्ही दिशांची पद्धती वेगळी असू शकते.

हे संदेश किल्ली ठरण्यापूर्वी जात असल्याने प्रथम विनिमयातील याद्या उघड असतात. परिणामी, मजकुराचे एक अक्षरही न वाचता केवळ वाहतूक पाहणाऱ्या त्रयस्थाला दोन याद्या ताडून निवड सांगता येते. मात्र याद्या गुपचूप बदलणे सोपे नाही. त्या ज्या सारमूल्यात समाविष्ट असतात, त्यावर सर्व्हर स्वाक्षरी करतो.

या रचनेतून तीन बाबी स्पष्ट होतात. एक, एसएफटीपीला स्वतःची कूटपद्धती नाही. ती खालच्या एसएसएच जोडणीचीच पद्धती वापरते. एफटीपीएस मात्र टीएलएसवर आधारलेली असून तेथे अंतिम निवड सर्व्हर करतो. दोन, प्रोग्रामला अवगत असलेल्या पद्धतींची यादी म्हणजे प्रत्यक्ष वापरातील पद्धती नव्हे. ती कळण्यासाठी जोडणीच्या सविस्तर नोंदीत दोन्ही दिशांसाठी लिहिलेले नावच पाहावे लागते. तीन, प्रमाणकाने दर तासाला किंवा दर एक गिगाबाइटनंतर किल्ली बदलण्याची शिफारस केली असून त्या वेळी पद्धतीही बदलता येतात. म्हणून प्रारंभीची नोंद दीर्घ जोडणीला शेवटपर्यंत लागू असेलच असे नाही.

नावांचे बदलते मोल

ओळखलेल्या नावाचे मोल काळानुसार बदलत गेले. १९७७ चे डीईएस हे प्रमाणक १९९८ मध्ये खास बनवलेल्या यंत्राने ५६ तासांत भेदले. २००१ मध्ये अमेरिकेने एईएस हे नवे प्रमाणक स्वीकारले. परंतु पद्धती भक्कम असली तरी तिच्या वापराची रीत दुबळी असू शकते. एसएसएचमधील सीबीसी रीतीतून मजकुराचा काही अंश क्वचित उघड होऊ शकतो, हे लंडनच्या रॉयल हॉलोवे येथील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले. २०१४ मध्ये ओपनएसएसएचच्या सर्व्हरने ती रीत आपल्या मूळ यादीतून वगळली. त्याच वर्षी आलेल्या चाचा२०-पॉली१३०५ या पद्धतीचा एसएसएचमधील वापरही २०२३ च्या 'टेरापिन' हल्ल्याच्या कक्षेत आला; त्यावर वाटाघाटीचे नियमच कठोर करण्याचा उपाय योजावा लागला.

आज साठवलेली वाहतूक उद्याच्या क्वांटम संगणकावर उलगडली जाण्याची शक्यता लक्षात घेता किल्ली-विनिमयाची पद्धती विशेष महत्त्वाची ठरते. २०२२ पासून ओपनएसएसएचने मूळ पसंतीच्या यादीत क्वांटम-रोधक संकरित पद्धतीला अग्रस्थान दिले, ते याच कारणाने.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, कूटपद्धतीची ओळख म्हणजे एका नावाचा शोध नसून झालेल्या कराराचे वाचन होय. किल्ली-विनिमय, दोन्ही दिशांचे कूटलेखन व अखंडता-तपासणी यांचा एकत्रित विचार केल्याशिवाय ते वाचन पूर्ण होत नाही. शिवाय निवडीत ग्राहकाचा क्रम निर्णायक असला, तरी सर्व्हरच्या यादीबाहेर ती जाऊ शकत नाही. एका बाजूकडे जुन्याच पद्धती शिल्लक असतील, तर दुसऱ्या बाजूला त्या स्वीकाराव्या लागतात किंवा जोडणी नाकारावी लागते. म्हणूनच कालबाह्य नावे यादीतून वेळीच काढून टाकणे ही दोन्ही बाजूंची जबाबदारी ठरते.