चपळ बोट आणि आपली काळी नदी

कारवारला गेलेलं आपल्याकडचं माणूस टागोर बीचवरची युद्धनौका बघितल्याशिवाय सहसा परतत नाही. जोयड्याहून गाडी अणशी घाट उतरून कद्र्याला लागते न लागते तोच पोरं "बोट कधी येणार?" म्हणून मागे लागतात. पण ती बोट कुठली आणि आपलं तिच्याशी नातं काय, हे घरात फारसं कुणी सांगत नाही. म्हणून आज थोडं सविस्तर.

बोटीचं नाव 'आयएनएस चपल', म्हणजे आपल्या मराठीत चपळ. रशियन बनावटीची ही क्षेपणास्त्र बोट १९७६ मध्ये नौदलात आली आणि सुमारे तीन दशकं सेवा करून किनाऱ्याला लागली. लांबी जेमतेम ३९ मीटर. वर दोन्ही बाजूंना क्षेपणास्त्रांच्या चार मोठ्या पेट्या आणि खाली खलाशांच्या अरुंद खोल्या. आता शेजारी नौदलाचं टीयू-१४२ हे अजस्र टेहळणी विमानही आणून ठेवलंय.

बरेच जण मुलांना सांगतात, "हीच बोट १९७१ ला कराचीवर गेली होती." तसं नाही. चपल आली युद्धानंतर पाच वर्षांनी. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर हल्ला केला तो निपात, निर्घात आणि वीर या बोटींनी. त्याच जातीच्या, पण चपलच्या थोरल्या बहिणी म्हणा! लांबचा पल्ला या बोटींना झेपत नसे, म्हणून त्यांना मोठ्या जहाजांनी ओढत नेलं होतं. त्या रात्रीची आठवण म्हणून ४ डिसेंबरला नौदल दिन असतो.

कारवारच्या समुद्राला आरमार नवं नाही. फेब्रुवारी १६६५ मध्ये शिवाजी महाराज आरमार घेऊन बसरूरवर गेले आणि परतताना गोकर्ण, अंकोला करत कारवारला आले. तिथल्या इंग्रज वखारीलाही तेव्हा खंडणीत आपला वाटा भरावा लागला. पुढे काळीच्या मुखावर सोंद्याच्या राजांनी सदाशिवगड बांधला. आज पुलावरून दिसतो तोच.

आणि ही काळी नदी कुठली? आपलीच! डिग्गीजवळ, आपल्या तालुक्यात उगम पावते आणि १८४ किलोमीटर वाहून कारवारला समुद्राला मिळते. याच नदीवर धरण झालं आणि काळी-पांढरीच्या संगमावरचं आपलं जुनं सुपा पाण्याखाली गेलं. तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं, कितीतरी कुटुंबं रामनगरला वसली. त्या पाण्यावर नागझरीला वीज होते.

इकडे सुपा बुडत होतं त्याच दशकात, १९८६ ला, नदीच्या दुसऱ्या टोकाला सीबर्ड नाविक तळाची पायाभरणी झाली. अरगा आणि आसपासच्या किनाऱ्यावरची माणसं जमिनी, माड, होड्या लावायच्या जागा सोडून उठली. भरपाईचे खटले वर्षानुवर्षं चालले. २००५ मध्ये कदंब तळ सुरू झाला.

देशाला वीज हवी, नौदलही हवं, याबद्दल वाद नाही. बोट जपली हेही चांगलंच झालं. पण नदीच्या वरच्या टोकाचं सुपा आणि खालच्या टोकाचं अरगा, दोघांनीही आपली जागा दिली. बोटीत शिरलं की खलाशी कुठे झोपायचा, कुठे जेवायचा हे दिसतं. सुप्याच्या बाजारात कुणाचं दुकान कुठे होतं, देवळाची वाट कुठून जायची, हे मात्र आता फक्त आजी-आजोबांना ठाऊक, आणि ती पिढी दर वर्षी कमी होतेय.

तेव्हा पुढच्या खेपेला मुलांना बोट जरूर दाखवा. पण त्याआधी घरच्या वडीलधाऱ्यांना बसवून जुन्या सुप्याचा एक नकाशा कागदावर काढून घ्या. ट्रंकेत जमिनीचे उतारे, लग्नाचे फोटो असतील तर त्यांच्या मागे नाव आणि गाव लिहून ठेवा. आपल्या गावाचं संग्रहालय सध्या तरी आपल्याच घरात आहे.