ओहमचा हिशेब आणि सांवेरची तार

जॉर्ज ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली विजेचा दाब, प्रवाह व रोध यांचे नाते ग्रंथरूपाने मांडले, तेव्हा स्वदेशीच त्याची उपेक्षा झाली. लंडनच्या रॉयल सोसायटीचे पदक मिळावयास १८४१ उजाडले. हिशेब मात्र त्रैराशिकाहून सोपा : दाबाला प्रवाहाने भागले की रोध, गुणले की शक्ती. तंतूचा जुना १०० वॉटचा दिवा २३० व्होल्टवर ०.४३ अँपिअर घेई. रोध सुमारे ५३० ओहम. लांबलेल्या तारेच्या टोकाला दाब १६० झाला, तर रोध तोच धरून उरतात ४८ वॉट.

दिवा मंदावतो एवढेच. विहिरीवरची मोटार मात्र उलट अधिक प्रवाह ओढते आणि तिची गुंडाळी जळते. सांवेरच्या शेतकऱ्याला गव्हाच्या पाण्याच्या दिवसांत हे कसे परवडावे?

तारेतील नासाडी प्रवाहाच्या वर्गाने वाढते, हे जूलने १८४१ मध्येच दाखविले होते. म्हणूनच १९१५ साली टाटांनी खोपोलीची वीज मुंबईस एक लाख व्होल्टवर नेली. दाब दसपट, तर प्रवाह दशांश आणि नासाडी शतांश! शेताच्या बांधाजवळ रोहित्र (आपल्या बोलण्यातली ‘डीपी’) हवे ते याचसाठी. कमी दाबाची तार तेवढीच आखूड राहते.