गिलावा, शेण आणि १०८ ग्लास

‘सदाशिव पेठी’ हे विशेषण दलित साहित्यातल्या आपल्या आधीच्या माणसांनी पांढरपेशा लेखनाला असं काही चिकटवलं, की ते अजून निघत नाही. आज त्याच पेठेत खेड्यापाड्यांतली आपली पोरं कॉट बेसिसवर राहतात, अभ्यासिकेत बसतात, स्पर्धा परीक्षेचा रट्टा मारतात. टिळक रोडवरच्या अभिनव कला महाविद्यालयावरून जातात-येतात, पण आत डोकावत नाहीत. चित्रबित्र हा आपला प्रांत नव्हे, असं धरूनच चाललंय. त्यात ही संकल्पनात्मक म्हणवणारी कला. रिकामी खोली, चार विटा, भिंतीवर एक वाक्य. कार्यकर्ता म्हणतो, भरल्या पोटाचे चाळे. मला हे अर्धंच पटतं. म्हणून जरा मागचं उकरू.

स्वित्झर्लंडात बर्न शहर आहे. राजधानी खरी, पण वस्ती आपल्या एखाद्या जिल्ह्याच्या गावाएवढी. तिथल्या कुन्स्टहाल या कलादालनात २२ मार्च १९६९ ला हाराल्ड झेमान यांनी अशा कलावंतांचं मोठं प्रदर्शन भरवलं. पैसा फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीचा. रिचर्ड सेराने वितळलेलं शिसं भिंतीच्या कडेला फेकलं. लॉरेन्स वीनरने भिंतीवरचा ३६ इंच चौरस गिलावा काढून टाकला. उघडा पडलेला चौकोन हीच त्याची कलाकृती. मायकेल हायझरने बाहेरच्या फरसबंदीवर लोखंडी गोळा आदळला. डॅनियल ब्युरेनला आवतण नव्हतं. त्याने गावात पट्ट्यापट्ट्यांचे कागद चिकटवले, तर पोलिसांनी धरला. गाव खवळलं. दालनासमोर शेणखताचा ढीग येऊन पडला. त्याच वर्षी झेमान यांनी संचालकपद सोडलं.

हे ऐकून आपला गवंडीकाम करणारा बाप हसेल. गिलावा काढायची मजुरी किती, त्याला विचारा. लंडनच्या टेटने कार्ल आंद्रेच्या १२० भट्टीविटांची रास विकत घेतली १९७२ साली, म्हणजे मुंबईत दलित पँथर उभी राहिली त्याच वर्षी. १९७६ मध्ये तिथल्या पेपरांनी बोंब ठोकली, की लोकांचा पैसा विटांवर उधळला. ठीक. माझा सवाल वेगळाय. विटा थापल्या कुणी, भाजल्या कुणी? मोजकेपणाच्या या कलेत हात दिसत नाही. नुसती वीट दिसते. सोवळ्याच्या घरात स्वच्छ ओटा दिसतो, अंगण झाडणारी दिसत नाही, तसंच.

पण मित्रांनो, त्या शेणापाशी थांबा. बर्नमध्ये शेण टाकलं ते अपमान करायला. आपल्याकडे २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या मागोमाग माणसं महाडच्या चवदार तळ्यावर गेली, पाणी प्याली. तर सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दही असल्या १०८ घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ केलं. तिथं शेण म्हणजे शिवी, इथं शेण म्हणजे शुद्धी आणि माणूस विटाळ. वस्तू तीच. तिला अर्थ कोण चिकटवतो, हेच तर ही कला विचारते.

आणि हे कळायला आपल्याला बर्नची गरज नव्हती. २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री महाडला दीड फूट चौरस खड्डा खणला (वीनरच्या चौकोनाची बाजू याच्या दुप्पट), चंदनाची लाकडं घातली, चार कोपऱ्यांना खांब रोवून फलक लावले आणि मनुस्मृती जाळली. ठराव सहस्रबुद्ध्यांचा, अनुमोदन पां. ना. राजभोजांचं. हेच राजभोज पुढे १९२९ ला पुण्यात पर्वतीच्या सत्याग्रहात होते. एक खड्डा, एक पोथी, तीन फलक. याला मी कला म्हणणार नाही. म्हटलं की लगेच कुणीतरी काचेत ठेवून तिकीट लावील.

मात्र आपल्या पिढीतल्या काहींनी ही भाषा उलटी फिरवलीय. पुण्याच्याच राज्यश्री गुडी यांनी २०१७ साली १०८ ग्लासांत पंचगव्य मांडलं. नावच ठेवलं, पाण्याची जात कोणती, अशा अर्थाचं. प्रभाकर कांबळे यांची मडक्यांची उतरंड २०२२ च्या बर्लिन द्वैवार्षिक प्रदर्शनात होती; वरच्याचा भार खालच्याच्या डोक्यावर. त्याआधी सवी सावरकर यांनी पेशवाईच्या पुण्यातला अस्पृश्य छापचित्रात आणला. गळ्यातलं मडकं, कमरेचा झाडू बाबासाहेबांनी १९३६ मध्ये लिहून ठेवलाच होता.

आता यातली मेख. रांगेतले ते ग्लास दुरून बघा. मोजके, नीटस, आंद्रेच्या विटांसारखे. ज्याला महाड ठाऊक नाही त्याला १०८ वरून जपमाळ आठवेल, तो ‘वा, काय शांतता आहे’ म्हणून पुढे सरकेल. ग्लास तेच, पण शिवी पुन्हा शुद्धी झाली! हा धोका बाहेरचा कुणी टाळणार नाही. तारखा आपल्याला पाठ आहेत, त्या तिथं आपणच न्यायला हव्यात.

पेशव्यांनी कात्रजहून नळाने पाणी आणून पेठांचे हौद भरले. सदाशिव पेठेच्या हौदाचं नाव अजून तोंडी आहे. जोतीरावांनी १८६८ साली गंज पेठेत आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. मला विचाराल तर ते १०८ ग्लास एकदा सदाशिव पेठेत, हौदाशेजारी मांडावेत. शेजारी पाटी लावावी. मराठीत, मोठ्या अक्षरांत, महाडच्या तारखेसकट. अभ्यासिकेतून उठून यायला दहा मिनिटं लागतील.