योकाई म्हणजे नक्की काय? जपानच्या नदी-डोंगरातली भुतं पडद्यावर कशी पोहोचली?

पोकेमॉन, नारुतो, डेमन स्लेयर. घरात शाळकरी मुलं असतील तर ही नावं कानावरून गेलेली असणारच. या सगळ्यांच्या मुळाशी जपानची जुनी लोककथा आहे. तिच्यातल्या चित्रविचित्र जीवांना जपानी भाषेत 'योकाई' म्हणतात. हे योकाई कोण, ते आले कुठून आणि आजवर टिकले कसे, ते थोडक्यात पाहू.

योकाई म्हणजे भूत का?

पूर्णपणे नाही. मेलेल्या माणसाच्या अतृप्त आत्म्याला जपानीत 'युरेई' असा वेगळा शब्द आहे. 'रिंगू' (१९९८) या सिनेमात विहिरीतून वर येणारी सादाको ही युरेई. योकाई हा त्याहून मोठा गोतावळा. त्यात राक्षस आले, रूप बदलणारे प्राणी आले, शंभर वर्षं वापरून टाकून दिलेली आणि मग जीव आलेली छत्रीसुद्धा आली. काही योकाई जीव घेतात, काही नुसती फजिती करतात, तर काही चक्क मदतीला येतात.

ओळखीचे चार चेहरे

*कप्पा :* नदी-तळ्यात राहणारा, लहान मुलाएवढा, पाठीवर कासवासारखं कवच. डोक्यावर बशीसारखा खळगा, त्यात पाणी. ते सांडलं की त्याची ताकद संपली. कप्पा माणसांना पाण्यात ओढतो, पण रीतभात पाळतो. त्याला वाकून नमस्कार केला की तोही वाकतो आणि पाणी सांडतं! कोकणातला गिऱ्हा आठवला ना? कामही तेच, पोरांना खोल पाण्यापासून लांब ठेवायचं. जपानात आजही धोक्याच्या पाण्याजवळच्या पाट्यांवर कप्पाचं चित्र दिसतं. त्याला काकडी भारी आवडते, म्हणून काकडीच्या सुशीचं नाव 'कप्पा-माकी'.

*कित्सुने :* म्हणजे कोल्हा. वय वाढेल तशा शेपट्या वाढतात, नऊ झाल्या की सामर्थ्य पूर्ण. हा बाईचं रूप घेऊन माणसाला भुलवतो. 'नारुतो'च्या पोटात कोंडलेला कोल्हा आणि पोकेमॉनमधली नाइनटेल्स ही याचीच वंशावळ.

*ओनी :* शिंगं, हातात लोखंडी सोटा, कमरेला वाघाचं कातडं. जपानी समजुतीत ईशान्य ही ओनीच्या येण्याची दिशा. जुन्या दिशागणनेत ती बैल आणि वाघ यांच्या मधली, म्हणून बैलाची शिंगं आणि वाघाचं कातडं, असं सांगतात. आपल्याकडे देवघर ईशान्येला, तिकडे राक्षसाचं दार ईशान्येला! फेब्रुवारीत 'सेत्सुबुन'ला घराघरांत भाजलेले सोयाबीन फेकून ओनीला हाकलतात. 'डेमन स्लेयर'मधले राक्षस म्हणजे ओनीच.

*तानुकी :* कोल्ह्याच्या कुळातला, रॅकूनसारखा दिसणारा खरा प्राणी. कथांमध्ये मात्र रूपं बदलणारा खोडकर. मारिओच्या १९८८ च्या व्हिडिओ गेममधला शेपटीवाला पोशाख त्याच्यावरूनच आला.

एक धागा मगधापर्यंत

नऊ शेपट्यांच्या कोल्हीची सर्वात गाजलेली गोष्ट तामामो-नो-माए हिची. सम्राटाच्या दरबारातली ही सुंदरी खरं म्हणजे कोल्ही निघते. मारल्यावर ती विषारी दगड होते. हा दगड तोचिगी प्रांतातल्या नासू इथे दाखवतात. मार्च २०२२ मध्ये तो दुभंगलेला आढळला, तेव्हा 'कोल्ही सुटली' म्हणून जगभर चर्चा झाली. कथेप्रमाणे जपानला येण्याआधी ही कोल्ही चीनमध्ये आणि भारतातही होती. मगधाच्या राजपुत्राला तिनेच नादी लावलं, असं जपानी लोक सांगत आले.

कागदावर कुणी आणलं?

तोरियामा सेकिएन या चित्रकाराने १७७६ मध्ये योकाईंचं सचित्र पुस्तक काढलं. प्रत्येक जीवाला एक पान, नाव आणि चेहरा. पुढच्या पुस्तकांत त्याने काही जीव स्वतःच्या मनानेही घातले. मग १८६८ नंतर आधुनिक होण्याच्या घाईत हे सगळं अंधश्रद्धेत जमा झालं. इनोउए एन्र्यो या विचारवंताने योकाई खोटे ठरवण्यासाठी गावोगावच्या कथा गोळा केल्या. गंमत अशी, की खोडून काढायला जमवलेलं तेच साहित्य पुढे जतन झालं. लाफ्काडिओ हर्नचं 'क्वाइदान' १९०४ मध्ये आलं. यानागिता कुनिओ यांनी तोनो भागातल्या कथा १९१० मध्ये छापल्या.

पण योकाईंना घराघरात नेलं मिझुकी शिगेरू (१९२२-२०१५) यांनी. लहानपणी साकाइमिनातो गावात एका म्हातारीकडून त्यांनी या गोष्टी ऐकल्या. दुसऱ्या महायुद्धात रबाउलच्या आघाडीवर डावा हात गेला. उरलेल्या हाताने त्यांनी 'गेगेगे नो कितारो' ही चित्रकथा काढली. १९६८ मध्ये ती टीव्हीवर आली आणि जवळजवळ प्रत्येक दशकात नव्याने येत राहिली. आज साकाइमिनातोत त्यांच्या नावाच्या रस्त्यावर योकाईंचे १७७ कांस्य पुतळे आहेत. पर्यटक ते बघायलाच जातात.

नुसती करमणूक नाही

'पोम पोको' (१९९४) मध्ये टोकियोजवळचे तामा डोंगर फोडून वसाहत उठते आणि तानुकी आपलं रान वाचवायला झगडतात. मियाझाकींच्या 'स्पिरिटेड अवे' (२००१) मध्ये दुर्गंधीने भरलेला एक पाहुणा येतो. त्याच्या अंगातून सायकल आणि ढीगभर कचरा निघतो, तेव्हा कळतं की ही तर नदीची देवता! या सिनेमाला ऑस्कर मिळालं. जपानमधला त्याचा कमाईचा विक्रम २०२० मध्ये मोडला तो डेमन स्लेयरच्याच सिनेमाने.

त्याच वर्षी कोरोना आला. १८४६ च्या एका छापील पत्रकात अमाबिए नावाचा, चोच आणि लांब केसांचा समुद्री जीव आहे. साथ आली तर माझं चित्र काढून लोकांना दाखवा, असं तो सांगतो. जपानभर लोकांनी त्याची चित्रं काढली आणि सरकारच्या आरोग्य मंत्रालयानेही जनजागृतीसाठी त्याला वापरलं.

अमाबिएची आठवण पावणेदोनशे वर्षं टिकली ती त्या एका पत्रकामुळे. कुणीतरी ऐकलं, काढलं आणि छापलं, म्हणून योकाई राहिले. आपले गिऱ्हा, मुंजा, चकवा, गोव्याचा देवचार अजून बरेचसे आजी-आजोबांच्या तोंडीच आहेत. सांगणारे आहेत तोवर ऐकून, लिहून घ्यायला हवेत.