महासैनिकाचे औषध

विज्ञानकथांतील महासैनिकाचा विषय निघाला, की वर्गातून हमखास प्रश्न येतो, 'असे खरेच करता येते का?' उत्तरासाठी आपण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जाऊ.

अमेरिकेत मार्च १९४१ च्या अंकात 'कॅप्टन अमेरिका' ही चित्रकथा आली. तिचे जनक जो सायमन आणि जॅक कर्बी. सैन्यभरतीत नापास झालेल्या काटकुळ्या स्टीव्ह रॉजर्सला एक शास्त्रज्ञ इंजेक्शन देतो आणि पाहता पाहता तो पिळदार होतो. एवढे स्नायू कशातून बनले, हे कथा सांगत नाही. शरीराला त्याची किंमतही मोजावी लागत नाही.

प्रत्यक्षात त्याच सुमारास जर्मन सैनिक 'पर्विटिन'च्या गोळ्या घेत होते. एप्रिल ते जुलै १९४० या काळात भूदल व हवाईदलाला अशा साडेतीन कोटींहून अधिक गोळ्या पुरवल्या गेल्या. त्यांतील मेथॅम्फेटामिनमुळे मेंदूत डोपामिन व नॉरॲड्रिनॅलिन जास्त प्रमाणात स्रवतात. झोप आणि भूक जाणवेनाशी होते. पण थकवा नाहीसा होत नाही. त्याची सूचना तेवढी बंद पडते. गोळीचा अंमल उतरला, की शरीर सारी उधारी वसूल करते. व्यसन जडते ते वेगळेच. १९४१ मध्ये जर्मनीनेच या औषधावर अफूच्या कायद्याखाली निर्बंध घातले.

कथेतला स्टीव्ह स्वखुशीने पुढे आला होता. हुकमाखाली असलेल्या सैनिकाला गोळी नाकारणे कितपत शक्य होते? मज्जासंस्था शिकवताना हा प्रश्नही आपण मुलांपुढे ठेवायला हवा.