बोरघाटातील पटकी

बोरघाटातून जाणाऱ्या लोहमार्गाविषयी आजवर जे लिहिले गेले आहे ते बहुतांशी दगड, चुना आणि चढउतार यांच्या हिशेबाने भरलेले आहे. सुमारे १६ मैलांच्या टप्प्यात १,८३१ फुटांची चढण, २५ बोगदे, आठ उंच कमानीपूल, आणि सर्वांत बिकट जागी ३७ फुटांस एक फूट असा चढ; हे सर्व डायनामाइटचा शोध लागण्यापूर्वी पहार, घण आणि बंदुकीची दारू एवढ्याच साधनांनी सिद्धीस गेले, म्हणून स्थापत्यशास्त्राच्या इतिहासात त्याचा उल्लेख आदराने होतो, आणि तो आदर यथार्थ आहे. परंतु ज्यांच्या हाती ती पहार होती ते लोक रात्री निजत कोठे होते, पाणी कोठले पीत होते आणि बहिर्दिशेस कोठे जात होते, हे विचारल्यावाचून या कामाचा इतिहास पुरा होऊ शकत नाही. कारण कड्यावरून कोसळून किंवा सुरुंगाच्या स्फोटात सापडून जी माणसे गेली, त्यांच्याहून कितीतरी अधिक माणसे पटकीने, हगवणीने आणि तापाने गेली.

कामास १८५६ साली आरंभ झाला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीचे मुख्य अभियंते जेम्स बर्कले यांनी आखणी केली, आणि मुंबई-ठाणे हा पहिला मार्ग बांधण्यात ज्याचा हात होता त्या विल्यम फेव्हिएल या इंग्रज मक्तेदाराने घाटाचा मक्ता घेतला. या व्यवहाराची ठेवण ध्यानात घेण्याजोगी आहे. सरकारने कंपनीच्या भांडवलावर शेकडा पाच व्याजाची हमी दिलेली होती. कंपनीने काम मक्तेदाराकडे सोपविले, मक्तेदाराने ते पोटमक्तेदारांत वाटले, पोटमक्तेदारांनी मुकादम गाठले, आणि मुकादमांनी देशावरच्या व कोकणच्या गावांतून टोळ्याच्या टोळ्या उभ्या केल्या. इतक्या हातांतून फिरून आलेल्या कामात मजुराची मजुरीसुद्धा वाटेत अडकत असे. मग त्याला स्वच्छ पाणी मिळते की नाही हे पाहण्याचा जिम्मा नेमका कोणाचा, याचा पत्ता लागणे दुरापास्तच होते.

पावसाळ्यात काम बहुतेक बंद पडे आणि माणसे शेतीकडे परतत. दसऱ्याच्या सुमारास ती पुन्हा येत आणि वैशाखाच्या अखेरपर्यंत राबत. म्हणजे दर वर्षी हजारो माणसे नव्याने जमावयाची, नव्याने खोपटी उभारावयाची, आणि पाऊस पडू लागताच पुन्हा पांगावयाची, असा क्रम होता. १८६१ च्या जानेवारीत घाटावर राबणाऱ्यांची संख्या ४२,००० च्या वर गेली होती, आणि त्या काळी आपल्या प्रांतातील पुष्कळ नामांकित शहरांची वस्तीही एवढी नव्हती. शहर निदान सपाटीवर, नदीकाठी, विहिरींच्या आधाराने वसते. ही वस्ती कड्याच्या अंगाला लटकत होती. काही ठिकाणी पाय ठेवण्यास जागा नसल्याने कामकऱ्याला वरून दोरांनी खाली सोडीत, आणि तशा लोंबकळत्या स्थितीत तो खडकाला सुरुंगाचे पहिले भोक पाडी. जेथे उभे राहण्याची ही तऱ्हा, तेथे खोपट बांधण्यास सपाट जागा कोठून मिळणार? जी थोडी मिळे तीत टोळ्या खेटून राहत. पाने आणि गवत शाकारलेल्या त्या खोपटांत बायका असत, पोरे असत, कारण गडी दगड फोडी तर बायको पाटीने राडारोडा वाही.

आणि पाणी! ज्या सह्याद्रीवर आषाढात धबधब्यांनी कडे पांढरे होतात, त्याच सह्याद्रीत चैत्रात घोटभर पाण्यासाठी दरी उतरावी लागते, हे मावळच्या माणसाला सांगावयास नको. उन्हाळ्यात पाणी कित्येक जागी वाहून न्यावे लागे. जे डबके आटता आटता शिल्लक राहिले असेल त्यातच घागर बुडवावयाची, त्याच्याच काठी भांडी घासावयाची, आणि त्याच्याच वरच्या अंगाला, झाडोऱ्याच्या आडोशाला, शेकडो माणसांनी बहिर्दिशेस जावयाचे, ही त्या उतारावरची भूमिती होती. एक मनुष्य पटकीचे बीज पोटात घेऊन अशा वस्तीत आला म्हणजे पुढे काय होणार हे सांगावयास आज वैद्याची गरज नाही. टोळीत दुपारी कोणास ओकाऱ्या व जुलाब सुरू होत, हातापायांत गोळे येत, डोळे खोल जात, आणि तो मनुष्य पुष्कळदा दुसरा दिवस पाहत नसे. मग उरलेले जीव मुठीत धरून रातोरात घाट सोडीत; काम ठप्प होई; आणि पळालेल्यांपैकी एखादा तेच बीज घेऊन आपल्या गावच्या विहिरीवर जाई.

१८५९ हे साल या कामाच्या इतिहासात सर्वांत काळे ठरले. वर्षाच्या आरंभीच थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगा उसळला, आणि थोड्याच काळात फेव्हिएलने मक्ता सोडला. (सार्वजनिक बांधकामांवरील मजुरीच्या तंट्यांविषयी सरकारने १८६० साली जो कायदा केला, त्याच्या मागे हा दंगा होता. त्या कायद्यात मजुरीचा विचार होता, तसाच कामचुकार ठरलेल्या मजुराच्या शिक्षेचाही होता, आरोग्याचा नव्हता.) नवा मक्ता सॉलोमन ट्रेडवेल या अनुभवी मक्तेदाराकडे गेला. तो त्याच वर्षी या देशी उतरला आणि घाटावर येऊन थोड्याच दिवसांत आजाराने मरण पावला. पुढे त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने मक्ता स्वतःच्या नावाने चालविला. ॲडमसन आणि क्लाउझर या दोन व्यवस्थापकांच्या हस्ते काम तडीस नेले. आणि एप्रिल १८६३ मध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या उपस्थितीत मार्ग खुला झाला. बर्कले तो दिवस पाहण्यास उरले नव्हते. त्यांचे आदल्याच वर्षी निधन झाले होते. एका मक्तेदाराला रोगाने उचलले म्हणून त्याचे नाव इतिहासात राहिले. त्याच हंगामात, त्याच उतारावर जी हजारो माणसे मेली त्यांपैकी एकाचेही नाव आपल्याला सांगता येत नाही.

या सर्वांवर एक उत्तर ठरलेले असते: त्या काळी रोगाचे कारणच ठाऊक नव्हते, मग उपाय कसा व्हावा? हे उत्तर मी पुष्कळ वेळा ऐकले आहे, आणि ते मला अर्धेच मान्य आहे. रॉबर्ट कॉख यांनी पटकीचा जंतू निश्चित केला तो १८८३-८४ साली, प्रथम मिसरात आणि नंतर कलकत्त्यास, हे खरे. दूषित हवेतून रोग पसरतो ही समजूत विलायतेच्या मोठमोठ्या डॉक्टरांचीही होती, हेही खरे. आणि साहेबाच्या हवेला जी जागा होती तीच मजुराच्या मनात मरीआईच्या कोपाला होती, तेव्हा अज्ञानाचा दोष एकट्या मजुराच्या माथी मारण्यात अर्थ नाही. परंतु लंडनचे डॉक्टर जॉन स्नो यांनी १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाच्या पाण्याशी पटकीचा संबंध दाखविला होता, आणि १८५५ साली, म्हणजे बोरघाटात पहिली कुदळ पडण्याच्या आदल्या वर्षी, त्यांनी आपल्या सिद्धान्ताचा विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला होता. त्या ग्रंथात कोळशाच्या खाणींतील कामकऱ्यांविषयी जे विवेचन आहे ते वाचले म्हणजे त्याची आणि घाटातील स्थितीची जवळीक पाहून मन चरकते. खाणकामगारांत पटकी इतकी का फैलावते, याचे स्नो यांनी दिलेले कारण असे की खाणीत शौचकूप नसतात, माणसे तेथेच बसतात, आणि हात धुण्यास पाणी नसल्याने त्याच हातांनी बरोबर आणलेली भाकरी खातात. त्यांनी सुचविलेला उपायही तसाच साधा होता: पाळ्या चार चार तासांच्या कराव्यात, म्हणजे खाली जेवण्याचा प्रसंगच येणार नाही, हात धुवावेत, पाणी उकळून प्यावे.

जंतू दिसण्यापूर्वीच एका विवेकी मनुष्याने जंतूवाचून चालेल इतके शहाणपण सांगून ठेवले होते. ते पटण्यास वेळ लागला, आणि स्नो स्वतः १८५८ साली निवर्तले. पण दूषित हवेचा सिद्धान्त मानणारे लोकही घाण साचू देऊ नये, वस्ती दाटीची असू नये, पाणी निर्मळ असावे हेच सांगत होते. मुंबई शहराला विहारच्या तलावाचे पाणी नळाने मिळाले ते १८६० साली, नेमके घाटात माणसे मरत असतानाच. तेव्हा पाण्याचे महत्त्व कळले नव्हते असे म्हणता येत नाही. शहरासाठी कळले होते. मजुराच्या तळासाठी कोणी ते लागू केले नाही.

ज्ञान असणे आणि ते कामाच्या योजनेत धरले जाणे यांत किती अंतर आहे, हे आल्प्स पर्वतातील दोन बोगद्यांनी पुढे जगाला दाखविले. सेंट गॉथर्डचा १५ किलोमीटरांचा बोगदा १८७२ ते १८८२ या काळात खोदला गेला. आत उष्णता आणि चिखल, शौचाची सोय नाही, आणि बहुतेक कामकरी गरीब इटालियन. काही वर्षांत ते कामकरी पांढरेफटक पडू लागले, चार पावले चालून धापा टाकू लागले. १८८० साली तुरीनमध्ये एदोआर्दो पेरोन्चितो यांनी त्याचे कारण दाखवून दिले की मानवी विष्ठेने भरलेल्या त्या ओल्या मातीतून अंकुशकृमी त्यांच्या आतड्यांत शिरले होते. पुढे १८९८ साली सिम्प्लॉनच्या बोगद्यास आरंभ झाला तेव्हा बांधणाऱ्यांनी हा धडा प्रथमपासूनच कामात धरला. बोगद्यात शौचाची पात्रे ठेवली व ती नियमाने बाहेर नेऊन रिती केली. तोंडाशी मोठे स्नानगृह बांधले. पाळी संपवून आलेला मनुष्य गरम पाण्याने अंग धुई, ओले कपडे दोरीला अडकवून छताकडे ओढून घेई, आणि दुसऱ्या पाळीला येईतो ते उबेत वाळलेले त्याला मिळत. सुमारे २० किलोमीटर लांबीच्या, गॉथर्डहूनही अधिक उष्ण अशा त्या बोगद्यात कृमीची साथ उद्भवलीच नाही. पर्वत तोच होता आणि कामकरीही त्याच देशाचे होते. फरक होता तो केवळ व्यवस्थेचा.

पनामाच्या कालव्याची कथा सर्वश्रुत आहे, म्हणून तिच्यातले एकच, कमी सांगितले जाणारे प्रकरण येथे घेतो. अमेरिकनांनी १९०४ साली काम हाती घेतल्यावर कर्नल गॉर्गस यांनी डासांचा नायनाट करून पीतज्वर हटविला, हे सर्व जण सांगतात; पण त्यानंतर वेस्ट इंडीजमधून आलेल्या कृष्णवर्णी मजुरांत न्युमोनियाने मृत्यूचे थैमान घातले, आणि तेथे डास मारून उपयोग नव्हता. मजुरांना लांबलचक बराकींत खेटून निजविले जात होते; एकाचा खोकला दहांच्या उशाशी पोहोचत होता. पुढे ही माणसे बराकींतून निघून कुटुंबासह सुट्या झोपड्यांत पांगली, आणि न्युमोनियाचे मरण झपाट्याने उतरले. गॉर्गस यांनी यावरून हेच अनुमान काढले, आणि पुढे दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणमालकांनी बोलाविले तेव्हाही त्यांनी हाच सल्ला दिला की माणसांना दाटीने ठेवू नका. दाटी हा पैसे वाचविण्याचा प्रकार आहे, आणि त्या बचतीची किंमत कोणत्या फुप्फुसांनी चुकविली हे पनामात स्पष्ट दिसले.

आपल्याकडे ही जाण कायद्यात उतरण्यास फार काळ लागला. प्लेगच्या धास्तीने १८९७ साली साथरोगाचा कायदा झाला, पण तो सरकारला अधिकार देणारा होता. बांधकामावरील मजुराला त्यातून पाण्याचा घोट मिळणार नव्हता. खास बांधकाम मजुरांसाठी केंद्राचा कायदा झाला तो १९९६ साली. त्यात पिण्याचे पाणी, शौचकूप, तात्पुरती घरे, पाळणाघर या सर्वांची कलमे आली. पाण्याची जागा धुण्याच्या जागेपासून किंवा शौचकुपापासून सहा मीटरांच्या आत असू नये, आणि तिच्यावर बहुसंख्य मजुरांना समजेल अशा भाषेत ‘पिण्याचे पाणी’ असे लिहिलेले असावे, इतके बारकाईने तेथे नमूद होते. त्या सहा मीटरांत बोरघाटाचा सारा अनुभव सामावलेला आहे असे मला वाटते.

आज पुण्याच्या किंवा नव्या मुंबईच्या कडेला कोणत्याही मोठ्या साइटच्या मागच्या अंगाला जावे, म्हणजे पत्र्याच्या खोल्यांची रांग दिसते. एका खोलीत सहा-आठ बिगारी, आणि टँकरच्या पाण्याने भरलेल्या निळ्या पिंपाच्या कडेला अडकवलेला एकच मग, ज्यात प्रत्येकाची बोटे बुडतात. २०२० साली करोनाची साथ आली आणि अंतर राखण्याचा हुकूम निघाला, तेव्हा या खोल्यांत राहणाऱ्या माणसाने कोणापासून आणि कोठे अंतर राखावयाचे होते? अनेकांनी पायी गावची वाट धरली. घाट सोडून रातोरात पळणाऱ्या टोळ्यांनीही दुसरे काय केले होते?

वाचकांपैकी पुष्कळांना केव्हा ना केव्हा नव्या इमारतीत घर घ्यावयाचे असते, आणि ते पाहावयास जाताना आपण फरशी, नळ, खिडक्यांच्या चौकटी हे सर्व बोटाने ठोकून पाहतो. त्याच फेरीत मागे जाऊन मजुरांचे पिंप आणि शौचकूपही पाहावे, दोहोंतले अंतर डोळ्यांनी मोजावे, आणि पिंपावर झाकण व तोटी नसेल तर बांधणाऱ्याला तेथल्या तेथे विचारावे. घराचे पैसे आपण देणार आहोत, त्यामुळे हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे.